आठ घड्यांची सावली

पवनी, जि. भंडारा
१२ जुलै १९८१

डॉ. कौशल्याबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र आमच्या घरी पोचलं. ते माझ्या नावानं नव्हतं. आमचा पोस्टमन डोमा पाकीट उंच धरून दारातूनच ओरडला, "बाई, पुन्याचं हाय, तुमच्या पोरीचं!" पाकिटाच्या मागे आपलं नाव होतं. ते वाचण्याआधीच मी अक्षर ओळखलं होतं. 'ल' अजूनही तसाच, पाय पसरून बसल्यासारखा.

आता पुरे. चार ओळी मी तुला 'आपण' म्हणत लिहिल्या, पुढे जमणार नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसनं आपल्याला एकाच बाकावर बसवलं होतं. मी तुला अहोजाहो केलं तर ती बिचारी जिथे असेल तिथे तोंडाला रुमाल लावून हसेल.

तर कौशल्या, चंद्रभागा म्हणजे आमची चंदा, माझी एकुलती एक. भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते, शनिवारी घरी येते. तुझा जुना छापील निबंध तिला माझ्या ट्रंकेत सापडला. इथल्या परकोटाच्या भिंतीवरच्या शेवाळाचा तो निबंध. शेवाळ मी आगपेटीत भरून तुला पाठवत असे, आणि तू एके दिवशी निबंध पाठवलास. त्याच्यासोबत पत्र नव्हतं. मग मीही लिहिणं बंद केलं. एवढंच आपलं भांडण, आणि त्यात इतकी वर्षं गेली. चंदानं मला न विचारता निबंधावरच्या पत्त्यावर तुला लिहिलं, आणि तू आठवड्यात उत्तर दिलंस. मला आनंदच झाला.

तिनं तुला 'मावशी' लिहिलं असं समजलं. मी तसं शिकवलेलं नाही.

तू सांगितल्याप्रमाणे सगळं मांडलं आहे. भिंतीवरचं मऊ, मखमली शेवाळ मातीच्या परळांत लावलं. आपण शाळेत त्याला मॉस म्हणत होतो, इथली माणसं काई म्हणतात. मागच्या अंगणात परळ ओळीनं ठेवले आणि त्यांवर बांबूच्या कामट्यांच्या चौकटी. पहिला परळ उघडा. दुसऱ्यावर कापडाची एक घडी, मग दोन, चार, आणि शेवटच्यावर आठ. कमी होत जाणाऱ्या उजेडात शेवाळ आपलं अन्न कसं करतं ते बघायचं आहे, असं चंदा म्हणाली. आठवडाभर पाणी घालायचं काम माझं.

तू लिहिलं होतंस की जुनं, धुतलेलं धोतर फाडून घेतलं तरी चालेल. कौशल्या, आमचा कापडाचा धंदा आहे. घरात माग आहेत, दुकान आहे. माझ्या मुलीच्या प्रयोगाला मी फाटकं धोतर देईन? मी दुकानातून नवं कोरं, विरळ विणीचं पांढरं कापड काढून दिलं, घडी न मोडलेलं. चंदाचे बाबा गिऱ्हाइकाकडे वळले. आमच्याकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येते ती रंभाबाई मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "बाई, तुमची पोरगी काईले लुगडं नेसवून राहिली का? आमाले तर सणालेच भेटते नवं!"

तुझी प्रकृती बरी असेल.

सत्यभामा


पवनी
१६ ऑगस्ट १९८१

प्रिय कौशल्या,

मी पत्र लिहिलं तर उत्तर मला येईल असं वाटलं होतं. चंदाच्या पत्राच्या शेवटी तू 'आईला नमस्कार' लिहिलंस. मिळाला.

एक गोष्ट चंदानं तुला कळवलीच आहे, आता माझ्या बाजूनंही ऐक. पंधरा-वीस दिवसांपूर्वी एका बुधवारी पावसानं उघडीप दिली आणि कडक ऊन पडलं. मी पाणी घालायला गेले. शेवटचा, आठ घड्यांचा परळ मी कधी नीट बघितला नव्हता. शनिवारी चंदा चौकट जराशी उचलते, वाकून बघते, वहीत काहीतरी लिहिते आणि हसते. मला बघायचं होतं की तुम्ही दोघी तिथे काय बघता.

मी चौकट उचलून बाजूला ठेवली. किती सुंदर दिसत होतं ते! बाकीच्या परळांपेक्षा गडद, जवळजवळ काळसर हिरवं. मला वाटलं, इतके दिवस अंधारात कोंडलेलं आहे, घेऊ दे थोडं ऊन. मग आत कुणीतरी हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं, आणि चौकट बाजूलाच राहिली.

शनिवारपर्यंत ते पिवळं पडलं होतं. मधूनमधून तर पांढरं.

"आई, कापड काहून काढलं तू?"

"ऊन दाखवलं थोडं."

"थोडं? दुपारभर? अगं, सावलीतल्याले एकदम ऊन सोसत नाही."

"झाडच आहे ना ते? झाडाला ऊन लागतंच."

"कौशल्यामावशीले आता काय सांगू मी?"

हे ती मला म्हणाली. माझ्याच अंगणात, माझ्याच परळापाशी उभी राहून. रंभाबाई आणि तिचे बाबा दोघंही ऐकत होते.

आणि मग तुझं उत्तर आलं. तू रागावली नाहीस. तू तिला समजावून लिहिलंस की दाट सावलीत शेवाळ आपलं हरितद्रव्य वाढवतं, म्हणजे जो थोडा उजेड मिळेल तो वाया जाऊ नये. अशा शेवाळाची भूक थोड्याच उजेडात भागते. त्यावर एकदम कडक ऊन आलं की एवढ्या उजेडाचं काय करावं हे त्याला कळत नाही, आणि वापरता न आलेला उजेड त्याचं हरितद्रव्यच जाळतो. चंदानं हे जेवताना मला वाचून दाखवलं. छान लिहिलंस. तुला पहिल्यापासून समजावता येतं.

मग तू लिहिलंस की आठ घड्यांचे दोन नवे परळ तयार कर; एक तसाच ठेव आणि दुसऱ्याची सावली एकदम न काढता दर दोन दिवसांनी एक घडी उलगड. त्याला सवय होते का बघू. आणि शेवटी, 'आईला सांग, तिनं नकळत चांगलंच काम केलं.'

म्हणजे माझी चूकसुद्धा तुझ्या कामाला आली.

माझा राग आला असेल तर येऊ दे. आता चंदा घरी आली की ताटावर तूच असतेस. ढग आला नि गेला तरी शेवाळ लगेच कामाला लागत नाही, त्याला जागं व्हायला वेळ लागतो, हे मावशी म्हणते. सुकलेलं शेवाळ मेलेलं नसतं, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं, हेही मावशीच म्हणते. हे तर मी तिला ती फ्रॉक घालत होती तेव्हा परकोटाच्या भिंतीपाशी दाखवलं होतं. तळहातावर पाणी घेऊन शिंपडलं होतं आणि तिनं टाळ्या पिटल्या होत्या. तिला आठवत नाही.

सत्यभामा


पवनी
१३ सप्टेंबर १९८१

प्रिय कौशल्या,

अभिनंदन. तुझंही आणि चंदाचंही.

गेल्या रविवारी तिनं ओसरीवर स्पिरिटचा दिवा मांडला. प्रत्येक परळातलं थोडं शेवाळ घेऊन स्पिरिटात उकळलं, हिरवा रंग उतरवला आणि वर आयोडीन टाकलं. आपण जास्वंदीच्या पानावर करत होतो तसंच. अन्न जितकं साठलेलं तितका रंग निळा-काळा. मी दारात उभी होते. तिनं मला जवळ बोलावलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

उघड्या परळातलं शेवाळ फिकट निळं झालं. एका घडीचं जरा गडद, दोन घड्यांचं त्याहून गडद, चारचं आणखी. आणि आठ घड्यांचं? काळं कुळकुळीत. चंदानं माझ्या दंडाला धरून मला गरकन फिरवलं. "आई! जितकी सावली, तितकं जास्त अन्न! मावशीचं म्हणणं खरं निघालं!"

तुझं म्हणणं काय ते तिनं मग मला सांगितलं. सावलीतलं शेवाळ श्वासात खर्च कमी करतं, म्हणून त्याच्यापाशी शिल्लक जास्त राहत असावी, असं तू बऱ्याच वर्षांपासून मांडते आहेस आणि लोक मानत नाहीत.   

तिनं लगेच तुला लिहिलं आणि तुझं उत्तरही आलं. दिवाळीच्या सुटीत पुण्याला विद्यार्थ्यांची परिषद आहे, तिथे तिनं हे मांडायचं. तू स्वतः तिच्या शेजारी उभी राहणार. तुझ्या पुढच्या निबंधात तिच्या निरीक्षणाचा एक परिच्छेद घालणार. तिनं तुझ्या घरी उतरायचं. आणि जून महिन्यात एम.एस्सी.ला तुझ्याकडेच यायचं.

हे सगळं तू तिला कळवलंस. मला कळवायचं तुला सुचलं नाही. मी काही बोलत नाही. तिचे बाबा म्हणाले, "मले का समजते त्यातलं? पण पोरगी खुश दिसून राहिली, जाऊ दे तिले." मी म्हटलं, "मी कुठे अडवते आहे?" तर म्हणाले, "तू तोंडानं नाही अडवत." वीस वर्षं कापड मोजणारा माणूस, एखादवेळी असं काहीतरी बोलून जातो.

तुझा फोटो चंदानं कुठल्याशा मासिकातून कापून आणला आहे. चष्मा, मागे सैल अंबाडा. गेल्या शनिवारी चंदा एस.टी.तून उतरली ती अंबाडा घालून. तिच्या वेण्या मी घालत असे. इतक्या वर्षांत एक दिवस चुकले नव्हते. मी म्हटलं, बरा दिसतो.

नाही दिसत बरा. तिचे कान मोठे आहेत, माझ्यासारखे.

सत्यभामा


पवनी
२७ सप्टेंबर १९८१

कौशी,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून तुला जुन्या नावानं हाक मारते.

परवा ओसरीवरचं फडताळ झाडत होते. आयोडीनच्या बाटलीचं बूच सैल होतं. खाली दुकानात जायची नवी थानं ठेवली होती. एक थेंब कापडावर पडला आणि बघता बघता पिकल्या जांभळासारखा झाला.

आधी मनात आलं, थान वाया गेलं, आता हे ओरडतील. मग मी तशीच उभी राहिले. कापड निळं का व्हावं?

मग मी आतून त्यांचं एक जुनं धोतर आणलं, कितीदा धुतलेलं, आणि त्याच्यावर एक थेंब टाकला. तांबूस डाग, बस. पुन्हा नव्या कापडावर. जांभळा.

खळ, कौशी. आमच्याकडे ताण्याच्या सुताला तांदळाची खळ देतात, नाहीतर मागावर सूत तुटतं. पहिल्या धुण्यात ती निघून जाते. तू म्हणूनच धुतलेलं धोतर सांगितलं होतंस की सहज लिहिलं होतंस, मला ठाऊक नाही. मी कोरं दिलं. पाऊस त्या चौकटींवर पडला, खळ भिजली आणि थेंब थेंब शेवाळावर उतरली. एका घडीतून थोडी, आठ घड्यांतून भरपूर. चंदानं काळं कुळकुळीत बघितलं ते शेवाळाचं अन्न नव्हतं, आमच्या भाताची पेज होती.

मी फडताळाला टेकून खाली बसले.

आणि मला आनंद झाला. कुणी वाचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. पहिल्यांदा भीती नाही वाटली, लाज नाही वाटली, आनंद झाला. पुण्याला त्या सभेत कुणीतरी उठेल आणि विचारेल, "कापड धुतलं होतं का हो?" चंदा तुझ्याकडे बघेल, तू चंदाकडे. इतक्या वर्षांचं तुझं म्हणणं तांदळाच्या पेजेत बुडेल. तुझा सैल अंबाडा, तुझा चष्मा, सगळ्यांसमोर. आणि माझी पोरगी रडत घरी येईल, मी तिच्या केसांना तेल लावीन, वेण्या घालीन, आणि पुन्हा कधी या घरात कुणी मावशी म्हणणार नाही.

मी काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला येतं.

काल चंदा आली. नवं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं. रंभाबाई कांड्या भरता भरता म्हणाली, "पोरी, तू तं वकिलावानी बोलून राहिली!" मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली.

तुला आठवतं का, आपली मैत्री कशी झाली? आधी तू मला आवडत नव्हतीस. पहिला नंबर तुझा, सिस्टरची लाडकी तू. मग प्रयोगशाळेत दोघींच्या ओढाताणीत स्पिरिटचा दिवा फुटला, टेबलावर निळी आग पसरली, आणि सिस्टर अ‍ॅग्नेसनं दोघींना चॅपलच्या भिंतीशी उन्हात उभं केलं. सगळी शाळा येता-जाता बघत होती. मोठ्या मुली हसत होत्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या नाकावरचा घाम बघून मला हसू आलं. त्या दिवशी संध्याकाळी आपण एकाच डब्यात जेवलो.

हे का आठवावं मला आजच?


पवनी
४ ऑक्टोबर १९८१

कौशी,

सोबत २७ तारखेचं पत्र आहे. आधी ते वाच. त्यात लिहिलं आहे की मी ते टाकणार नाही. पण मला जे सांगायचं आहे ते दुसऱ्यांदा लिहिण्याची ताकद नाही.

चंदा आज रात्री तुला लिहिणार आहे. तिच्या आधी माझं पत्र पोचावं म्हणून मी हे पाकीट उद्या सकाळीच डोमाच्या हातात देणार आहे आणि त्याला बजावणार आहे, "आजच्या थैलीत गेलं पाहिजे." हसलीस तर हस.

काल मी तिला सांगितलं. का सांगितलं ते ऐक, आणि मला चांगली बाई समजू नकोस.

मी ते भिंतीपाशी उभं राहणं आठवत बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की पुण्याला तुम्ही दोघी पडलात तर एकत्र पडाल. सभा हसेल ती तुम्हा दोघींना. तू तिच्याकडे बघशील, ती तुझ्याकडे बघेल, तिच्या नाकावर घाम असेल. आणि मग ती घरी नाही येणार, कौशी. ती तुझ्या डब्यात जेवेल. जन्मभर तुझी होईल. आपण नाही का झालो?

म्हणून सांगितलं. ती भिंत मी तुला फुकट देणार नव्हते.

चंदा केस विंचरत होती. मी कोऱ्या कापडाचा तुकडा आणि धोतराचा तुकडा तिच्यासमोर ठेवला आणि दोन्हींवर एकेक थेंब टाकला. ती हुशार आहे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. फणी हातात तशीच राहिली.

"खळ," ती म्हणाली.

"हो."

"तूच दिलं होतं कापड. मी म्हटलं होतं जुनं दे."

"हो."

"मावशीनं लिहिलं होतं जुनं दे म्हणून."

"म्हणूनच दिलं नाही."

 मग तिनं विचारलं, "तुले हे कधी समजलं, आई?"

"मागच्या शुक्रवारी."

"मागच्या? म्हणजे मागच्या शनिवारी मी भाषण करून दाखवलं, तेव्हा तुले माहीत होतं? भाकरी करपली तेव्हा?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग सांगितलं काहून नाही?"

इतकी वर्षं या गावात राहून मी घरातही शाळेतलं मराठी बोलते, सगळे चेष्टा करतात. काल तोंडातून निघालं, "मले वाटलं, तू वापस येशील."

चंदाचे बाबा दारात उभे होते. ते आत आले, चंदाच्या हातातली फणी घेऊन कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "पावसाचे आठ-पंधरा दिवस अजून आहेत. कापडं धुवा दोघी. पुन्हा लावा." आणि निघून गेले.

चंदा रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी जवळ घेईन. ती उठली, चौकटींवरची सगळी कापडं उतरवली, चुलीवर पाणी तापवलं, आणि आम्ही दोघींनी मागच्या दारी बसून ती आपटून आपटून धुतली. तीनदा. खळीचं पांढरं पाणी मोरीतून वाहत होतं. एकदाच बोलली, "पिळ नीट. तुझ्यात जोर आहे."

तुला तिचं पत्र मिळेल. ती तुला सगळं लिहील, माझंही. तिला रागावू नकोस. रागवायचं असेल तर मला लिही. मला लिही, कौशी. निदान रागावून तरी लिही.

सत्या


पवनी
२२ नोव्हेंबर १९८१

प्रिय कौशी,

डोमा या वेळी ओरडला नाही. दार वाजवलं आणि म्हणाला, "बाई, आज तुमचंच हाय."

तू रागावली नाहीस म्हणतेस. खोटं. दुसऱ्या पानावर पेन इतकं दाबलं आहे की मागून हात फिरवला तर अक्षरं लागतात. निबंधातला तो परिच्छेद छापायला जाण्याआधी काढलास, आणि त्यासोबत इतक्या वर्षांचं आवडतं म्हणणंही तूर्त बाजूला ठेवलंस. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. दोन्ही लिहायचं ठरवलं आहे, तुझ्यापाशी आता एकच लिहून काय उपयोग?

तू विचारलंस म्हणून सांगते, धुतलेल्या कापडाखाली उत्तर सरळ निघालं. दोन घड्यांचं सगळ्यात गडद. आठ घड्यांचं फिकट, कसंबसं पोटापुरतं. उघड्यावरचंही फिकट, कारण दुपारी ते सुकून झोपून जातं. आणि ज्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या, ते शेवाळ आता उघड्या उन्हात बसलं आहे, हिरवंच. गडदपणा गेला आहे, पण पिवळं पडलं नाही. मी जाळलं त्याच्याच शेजारी ठेवलं आहे. रोज बघते.

परिषदेचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं, मग चंदाच्या बाबांना वाचून दाखवलं, मग रंभाबाईला. चंदानं आधी घडी घडी उलगडण्याचं सांगितलं आणि मग आपणहून खळीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "पकडली कुणी ही चूक?" आणि ती म्हणाली, "माझ्या आईनं."

केली कुणी, ते तिनं सांगितलं नाही. 'आमच्याकडे कापड कोरंच देतात' एवढंच म्हणाली, असं तू लिहिलंस.

हे घरी येऊन तिनं मला सांगितलं नाही. अजून माझ्याशी मोजकंच बोलते. पण तिथे, तुझ्या शेजारी उभी राहून, तिनं माझं झाकलं. तू ते ऐकलंस आणि तुला दोन्ही बाजू माहीत होत्या, आणि तूही गप्प बसलीस.

मला तुझा हेवा वाटतो, कौशी. तू ते ऐकलंस आणि मी नाही.

सत्या


पवनी
१३ जून १९८२

प्रिय कौशी,

चंदा मंगळवारी निघते. तिचे बाबा नागपूरपर्यंत सोडायला जातील, तिथून गाडी. मी येत नाही. स्टेशनावर मी काहीतरी बोलून बसेन.

माझ्या अटी तुला मान्य आहेत, हे लेखी दिलंस म्हणून बरं झालं. एक महिना तुझ्या घरी, मग वसतिगृह. तुझ्या घरी कायमची नाही. ती तुला मावशी म्हणते, म्हणू दे. मी आता तिला अडवत नाही आणि मनातही फारसं अडवत नाही. चष्मा मात्र तिला लागला तरच लागू दे, तुझा आहे म्हणून नको.

तिला पहाटे चहा लागतो, पण ती मागणार नाही. आजारी पडली की सांगत नाही, गुणगुणते. गुणगुणायला लागली की कपाळाला हात लावून बघ. भाताशिवाय पोट भरलं असं तिला वाटत नाही, तुझ्या पोळ्या ती भिडेपोटी खाईल. अंबाडा ती स्वतः घालते. परवा मात्र माझ्यासमोर येऊन पाठ करून बसली. फणी मागे धरली. मी वेणी घातली. एकच, घट्ट.

तिच्याबरोबर आगपेटी पाठवते आहे, पहिल्यासारखी. आतलं शेवाळ कोरडं दिसेल, घाबरू नकोस, पाणी शिंपड. मी उन्हात जाळलं होतं त्याच परळातलं आहे. या पावसात त्याच्या कडेनं हिरवं फुटलं. चंदा म्हणाली, "मावशीले दाखवाले पायजे." मी म्हटलं, मी पाठवते.

आता शेवटचं. ट्रंकेत तिची सुती पातळं आहेत, आमच्याच मागावरची. कोरी नाहीत, धुऊन दिली आहेत, हे तुला खात्रीनं सांगते. पण धुतल्यावर सगळ्यांना मी माझ्या हातानं खळ केली आहे, तांदळाची, पातळ, मानेला टोचणार नाही अशी. तुझ्याकडे एकेक धुतलं जाईल आणि माझी खळ निघून जाईल, ते मला कळतं. तू घाई करू नकोस. ती एकदम सगळी भिजत टाकेल, तिला तशी सवय आहे. तू तिला एकेक काढायला सांग.

आणि तुझ्या फडताळात आयोडीन असेलच. कधी वाटलं तर एखाद्या पदराच्या आतल्या टोकाला थेंब टाकून बघ. निळा पडला तर ते अजून माझं आहे. नाही पडला, तर मला कळव. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा मी पुन्हा करून देईन.

तुझी
सत्या